विदूषकाचे गप्प बसणे

काल दादाकडे जेवताना मी थोडा गप्प होतो, तर वहिनी सर्वांदेखत म्हणाल्या, "आज आमचे लक्ष्मीकांत बेर्डे रुसलेले दिसतात!" सगळे हसले, मीही हसलो आणि लगेच एक किस्सा रंगवून सांगितला. घरी परतल्यापासून मात्र ते वाक्य मनातून जात नाही. वहिनींच्या मनात काहीच नव्हते, हे मला ठाऊक आहे. तरीही चार माणसांत गप्प बसण्याची मुभा मला उरलेली नाही, ही जाणीव काल फार टोचली. आईच्या आजारपणातही सर्वांना हसते ठेवण्याचे काम माझ्याकडेच होते. ते असो.

त्या नावामुळेच रात्री बेर्डे यांचा विचार करत बसलो. मुंबई मराठी साहित्य संघातली नोकरी सांभाळत छोट्या भूमिका करणारा हा नट १९८३ च्या ‘टुरटुर’ नाटकाने लोकांच्या नजरेत भरला, आणि ‘धुमधडाका’, ‘दे दणादण’ या चित्रपटांच्या पाठोपाठ १९८८ मध्ये ‘अशी ही बनवाबनवी’ येईपर्यंत तो घराघरांतला लक्ष्या झाला. त्या चित्रपटातले पार्वतीचे डोहाळजेवण आठवून पाहावे: लुगडे नेसलेला हा पुरुष बायकांच्या घोळक्यात खोटे पोट सांभाळत बसला आहे, वरवर लाजतो आहे, पण सोंग उघडे पडण्याची धास्ती डोळ्यांतून लपत नाही. एकाच चेहऱ्यावर लाज आणि धास्ती धरून ठेवणे हे केवढे कसबाचे काम आहे! आम्ही मात्र ते त्याचा स्वभाव समजलो. हिंदीने तर त्याला नोकराच्याच भूमिकांत जास्त पाहिले, पण तो विषय वेगळा.

१९९२ मध्ये जब्बार पटेल यांनी ‘एक होता विदूषक’ केला. पटकथा पु. ल. देशपांडे यांची, गीते ना. धों. महानोरांची, आणि तमाशातून राजकारणात ओढल्या गेलेल्या सोंगाड्याच्या भूमिकेत बेर्डे. चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण एरवी त्याच्या नावावर तिकीटखिडकीशी रांगा लावणारे लोक तिकडे फिरकले नाहीत. हेच मला रात्रभर सलत राहिले. ज्याने इतके हसवले, त्याने एकदा आपले दुःख आमच्यासमोर मांडले, तर ते ऐकून घ्यायला आम्हाला तीन तास काढता येऊ नयेत? १६ डिसेंबर २००४ रोजी तो गेला, तेव्हा त्याला पन्नाशी पूर्ण होऊन दोन महिनेही झाले नव्हते.

पहाटे मात्र मन थोडे निवळले, कारण १९९३ चा ‘झपाटलेला’ आठवला. ‘विदूषक’ नाकारला गेल्यानंतर वर्षभरातच हा माणूस शब्दभ्रमकार रामदास पाध्यांच्या बोलक्या बाहुल्यासमोर उभा राहिला आणि मनापासून घाबरला. समोर निर्जीव बाहुला आहे हे प्रेक्षकाने विसरावे, म्हणून त्याची बोबडी वळते, डोळे विस्फारतात, पाय लटपटतात, आणि या साऱ्यात कुठेही रुसवा किंवा हातचे राखणे दिसत नाही. लोकांना आपल्याकडून हसूच हवे आहे, हे त्याला कळले नसेल असे मला वाटत नाही. तरीही त्याने ते पुरेपूर दिले, आणि आज मला त्याचाच मोठा आधार वाटतो आहे.