तीन गाड्यांत राष्ट्राध्यक्षाचा ताफा

राष्ट्राध्यक्षाच्या अपहरणाचा थरारपट कमी पैशांत करायचा तर सगळी मदार ताफ्यावर असते. तीन पांढऱ्या गाड्या पुरतात. १३५ मिमीची, म्हणजे दूरचं जवळ आणणारी लेन्स लावून वळणावरून समोरून घ्या. गाड्यांमधलं अंतर दाबलं जातं आणि रांग लांब वाटते. त्याच गाड्या पुन्हा फिरवून आणल्या की संख्या दुप्पट.

वाईजवळचा पसरणी घाट यासाठी देखणा आहे, पण शनिवार-रविवारी पाचगणीच्या पर्यटकांची रीघ लागते. मधल्या वारी, उजाडताच, रीतसर परवानगी घेऊनच जा. खोट्या नंबरप्लेट सार्वजनिक रस्त्यावर चालवू नका, त्या खासगी आवारातल्या शॉटपुरत्याच लावा. नकली बंदुका असतील तर पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवा. नाहीतर कुणीतरी घाबरून फोन करतो आणि अख्खा दिवस जातो.

देश काल्पनिकच ठेवा. भारताच्या राजमुद्रेच्या, म्हणजे सिंहांच्या राजचिन्हाच्या वापरावर २००५ च्या कायद्याने निर्बंध आहेत. शिवाय २०१७ पासून आपल्याकडे मंत्र्यांच्या गाड्यांवरही लाल दिवा नाही, त्यामुळे तो दाखवला की प्रसंग जुना वाटतो.

ओलिसाची खोली ट्यूबलाइटवर घ्यायची असेल तर सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंदाचं शटर ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, २४ फ्रेमला १/४८ ठेवलं की चित्र लुकलुकू शकतं, आणि ते नंतर काढणं फार जिकिरीचं. बंदुकीचा जाळ मात्र एडिटिंगमध्येच घाला, एखादी फ्रेम पुरते.