फोर्टातल्या जुन्या इमारतीत हॉटेल बसवताना

मुंबईच्या फोर्ट भागातल्या एका जुन्या इमारतीचा वरचा मजला छोट्या हॉटेलसाठी करून द्यायचं काम माझ्याकडे आलं. मालकांचा पहिलाच प्रश्न होता, "मॅडम, खोल्या किती निघतील?" मी म्हटलं, आधी बाथरूम कुठे बसतात ते बघू, खोल्यांचा आकडा त्यावरून ठरेल.

1995 च्या वारसा नियमावलीप्रमाणे इमारत तिसऱ्या श्रेणीतली. या श्रेणीत आतल्या बदलांना बरीच मोकळीक असते. पहिल्या श्रेणीत ती जवळजवळ नाहीच. पण परवानगी मिळते म्हणून काहीही तोडावं, हे मला पटत नाही.

खरा पेच पाण्याचा. नव्या इमारतीत बाथरूमचा स्लॅब खाली घेतलेला असतो, पाइप त्यात लपतात. इथे सागवानी तुळया आणि त्यांवर फळ्या. तुळईला भोक पाडायचं नाही, ओल तर अजिबात लागू द्यायची नाही. म्हणून सगळी बाथरूमं मागच्या भिंतीकडे घेतली, कारण सांडपाण्याचे पाइप तिथूनच उतरत होते. तिथली जमीन एक पायरी उचलली आणि उतार त्या उंचीत काढला. विटांचा भराव घातला असता तर तुळयांवर नाहक वजन आलं असतं. त्याऐवजी लोखंडी चौकटीवर सिमेंटचे बोर्ड टाकले.

छत चौदा फुटांवर, पण बाथरूमच्या भिंती साडेसात फुटांवरच थांबवल्या. वरून झाकण, त्यावर गिझर. खोलीत मोठं कपाट ठेवावं तसं ते बाथरूम उभं आहे. छताची नक्षीदार पट्टी अखंड दिसते आणि उद्या कुणी ते काढलं तर मूळ खोली जशीच्या तशी परत मिळेल.

मालकांना पोटमाळा हवा होता. उंच खिडकी मधोमध कापली जाईल आणि ते रस्त्यावरूनही दिसेल, म्हणून मी ठाम नकार दिला. स्ट्रक्चरल इंजिनिअरनीही वजनाचं कारण सांगितलं, तेव्हा विषय संपला.

सुतारमामांनी प्लायवूडचे तुकडे उभे करून एक खोली खऱ्या मापात मांडली. मालकांना म्हणाले, "शेठ, बॅग घेऊन आत या बघू." बॅग दार आणि पलंगाच्या मध्ये अडकली. त्याच दिवशी सगळी दारं सरकती ठरली. पलंगाखाली खण आले. दीड-दोन फूट जाड भिंतीमुळे खिडकीत खोल कट्टा होताच. त्यावर फळी टाकून लिहायचं टेबल झालं. भिंतींवरचं सिमेंटचं प्लास्टर फुगून त्यावर क्षार फुलले होते. ते खरवडून पुन्हा चुन्याचा गिलावा केला. खर्च वाढला, पण विटांमधली ओल बाहेर पडायला दुसरा चांगला मार्ग नाही.

मधल्या भागात बिनखिडकीची एक खोली उरली. मालकांना तीही भाड्याने द्यायची होती. उजेड-वारा नसलेल्या जागेत पाहुणा झोपवायचा नाही, यावर मी अडून बसले. आता तिथे चादरी-टॉवेलांची कोठी आहे.