रडून झाल्यावर

माझ्या सात वर्षांच्या भाचीवर सध्या राजकन्यांचा अंमल आहे. तिच्या शेजारी बसून गेल्या काही आठवड्यांत मी डिस्नेचे पाच जुने ॲनिमेशनपट पाहिले. काही दोनदा, एक तर चारदा. पहिल्या दिवशी मी फोन हातात घेऊनच बसले होते, कारण या पोरींविषयीचं माझं मत कॉलेजातच ठरून गेलं होतं. रडूबाया! गोड गळ्याच्या, चिमुकल्या कमरेच्या रडूबाया. राजपुत्र येईपर्यंत कळ काढायची, एवढंच काय ते कर्तृत्व.

चौथ्या सिनेमाला भाचीच म्हणाली, "मावशी, ह्या सगळ्या सारख्याच रडतात गं."

खरंच की. हिमगौरी जंगलात पालथी पडून रडते, सिंड्रेला बागेतल्या बाकावर डोकं टेकून. 'स्लीपिंग ब्यूटी'तली ऑरोरा आरशापुढे हातांत तोंड खुपसून, जलपरी एरियल समुद्राच्या तळाशी दगडावर ओणवी होऊन, आणि 'ब्यूटी अँड द बीस्ट'मधली बेल परक्या घरातल्या पलंगावर अंग टाकून. पाचही जणी तोंड लपवतात. पहिली १९३७ सालची, शेवटची १९९१ची. मधल्या ५४ वर्षांत चित्रकारांच्या पिढ्या बदलल्या, पण रडायची तऱ्हा तीच राहिली. हुंदके देणारा चेहरा देखणा काढणं अवघड जात असणार, म्हणून ही पळवाट, असं मला आधी वाटलं. असेलही. पण आपण तरी रडायला लागलो की आधी उशीच शोधतो ना?

तेव्हापासून मी फोन बाजूला ठेवला आणि एकच गोष्ट बघायला लागले. रडून झाल्यावर ही बाई करते काय?

हिमगौरीपासून सुरुवात करते. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या पुस्तकात आरसा पहिल्यांदा तिचं नाव घेतो तेव्हा ती जेमतेम सात वर्षांची असते, म्हणजे माझ्या भाचीएवढी. सिनेमात ती मोठी आहे, पण फार नाही. फुलं वेचत असताना शिकारी तिच्यावर सुरा उगारतो, त्याला ते जमत नाही, आणि तो तिला पळून जायला सांगतो. मग ते जंगल. फांद्यांचे हात होतात, ओंडक्यांच्या मगरी होतात, अंधारातून डोळे रोखले जातात. ती कोसळते. थोड्या वेळानं मान वर करते तर ते डोळे सशांचे आणि हरणांचे निघतात. आणि ही पोरगी काय करते? आपण उगाच केवढा गोंधळ घातला म्हणून ओशाळते! मग पाखरांना विचारते, तुमचं काही बिनसलं की तुम्ही काय करता. आणि लगेच पुढचा प्रश्न, रात्री झोपायचं कुठे.

धुळीनं भरलेलं घर दिसल्यावर ती झाडू हातात घेते, त्यावर पुष्कळ जणींनी नाक मुरडलंय. मीही मुरडलं होतं. आता बघताना लक्षात आलं, की इथे पोरक्या मुलांचा संसार असावा अशी तिची समजूत आहे, आणि घर लख्ख केलं तर कदाचित आपल्याला राहू देतील असा साधा हिशोब आहे. सावत्र आईनं तिला वाड्यात मोलकरणीसारखं राबवलं होतं. त्या अपमानात शिकलेली कामं, एवढंच तिच्यापाशी भांडवल उरलंय. बुटके घरी येतात तेव्हा ती काय काय करीन ते सांगून सरळ सौदा करते. आणि जेमतेम सौदा ठरतो न ठरतो तोच त्या सात दाढीवाल्यांना, म्हणजे सहा दाढीवाल्यांना आणि एका बिनदाढीच्याला, हात धुतल्याशिवाय सूप मिळणार नाही म्हणून बाहेर पिटाळते. जिवावर बेतलेल्या दिवसाची अशी संध्याकाळ मला जमली नसती.

ऑरोराबद्दल (१९५९) माझ्याकडे बोलायला फारसं नाही. तिच्याकडेही नाही. टकळीची सुई टोचल्यावर सिनेमा संपेपर्यंत तिच्या तोंडी एक वाक्य नाही. तिला रडून होऊच दिलं नाही कुणी. मुकुट घातलेली पोर हमसून रडतेय हे बघून भल्या मनाच्या तिन्ही पऱ्या तिला जरा एकटं सोडावं म्हणून बाहेर जातात, आणि नेमका त्याच वेळी दुष्ट परीचा तो हिरवा उजेड खोलीत शिरतो.

एरियलचं (१९८९) उलट आहे. ती डोळे पुसायच्या आतच निर्णय घेते आणि आवाज गहाण टाकून बसते. सोळाव्या वर्षी घेतलेला निर्णय, त्यातून तिनं जपून ठेवलेल्या वस्तूंचा बापानं चुराडा केल्यावर. अँडरसनच्या १८३७ च्या मूळ कथेत जलपरींना अश्रूच नसतात, आणि म्हणूनच त्यांना अधिक सोसावं लागतं, असं तो म्हणतो. हे वाचल्यापासून एरियलच्या रडण्याचा मला राग येईनासा झालाय. बेल मात्र उठून बसते आणि जेवायला जायला नकार देते. दाराबाहेर राक्षस गरजतोय, पोटात भूक आहे, आणि ही आतून नाहीच म्हणते.

आता सिंड्रेला. १९५०. चारदा पाहिलेला तो हाच.

आपल्याकडे 'सोशिक' हा शब्द बाईला बक्षिसासारखा देतात. सिंड्रेलाला तो चिकटवायला मी निघाले होते, पण चिकटेना. ती निमूट नाहीच मुळी. सकाळी मनोऱ्यावरच्या घड्याळाचे ठोके पडतात तेव्हा हेही मला हुकूम सोडतंय म्हणून करवादते. सावत्र बहिणींच्या बेसूर रियाजाला 'संगीताची शिकवणी' म्हणताना तिच्या आवाजात जो खोचकपणा आहे, तो मुद्दाम ऐका. राजवाड्याचं आमंत्रण येतं तेव्हा ती गयावया करत नाही. मीही याच घरातली आहे आणि फर्मान सगळ्या उपवर मुलींना आहे, हे ती सर्वांदेखत बोलून दाखवते. पिंजऱ्यात अडकलेल्या नव्या उंदराला सोडवताना आधी त्याच्या मापाचं जाकीट घेऊन जाते. स्वतःच्या अंगावर ठिगळं असताना दुसऱ्याला काय लागेल हे सुचणं मला राजपुत्र मिळण्यापेक्षा कठीण वाटतं.

आणि मग तो झगा. उंदरांनी आणि पाखरांनी बहिणींच्या टाकलेल्या वस्तूंतून तो सजवलेला असतो, आणि बहिणी तो तिच्या अंगावरच ओरबाडून फाडतात. ती बागेत पळत जाते आणि खरोखर मोडते. आता विश्वास ठेवावा असं काहीच उरलं नाही, असं तिच्या तोंडून निघतं. मला हे फार आवडतं. तिची चिकाटी संपते, हे सिनेमा लपवत नाही. आपलं डोकं बाकावर नसून कुणाच्या तरी मांडीवर आहे, हे तिला बोलता बोलता उशिरा कळतं.

त्या रात्री ती राजपुत्राला शोधायला गेलेली नसते. बाराचे ठोके पडायला लागतात तेव्हा समोरच्या माणसाला ती सांगते की मी अजून राजपुत्राला भेटलेच नाही, आणि पळ काढते! तो कोण होता हे तिला दुसऱ्या दिवशी कळतं, तेही हातात ताटं असताना. ती अर्थातच पडतात.

सिनेमाच्या सुरुवातीला ती आपल्या म्हाताऱ्या कुत्र्याला समजावते, की बोक्याशी जमवून घे, नाहीतर ऊबदार जागा जाईल. त्या दुष्ट बोक्यातही काहीतरी चांगलं असेलच, असं तिचं म्हणणं. आणि शेवटी तिला कोंडलंय, उंदरांनी जीव पणाला लावून किल्ली आणलीय, आणि तोच बोका किल्लीवाल्या उंदरावर भांडं पालथं घालून बसलाय. तेव्हा तीच दारामागून ओरडते, कुत्र्याला बोलवा. बोका खिडकीतून खाली जातो, दार उघडतं, ती धावत जिना उतरते. सावत्र आई नोकराला काठी आडवी घालून पाडते, काचेच्या बुटाचा चुरा होतो, आणि ही शांतपणे खिशातून दुसरा बूट काढते.

चौथ्यांदा पाहताना मी इथे टाळी वाजवली. भाचीचं लक्ष नव्हतं. ती अजून खिडकीपाशीच अडकली होती.

"मावशी, बोक्याला लागलं का गं?"

मी म्हटलं, मांजरं चार पायांवर पडतात. तिला ते पटलं नाही. तिनं रिमोट घेतला आणि सिनेमा पुन्हा मागे नेला.