मुद्दाम वाईट भिंत बांधण्याचा माझा अनुभव

बांधकामातल्या दोषांमुळे विटांच्या भिंतीची दाब सोसण्याची ताकद किती घटते, हा माझ्या पदव्युत्तर प्रकल्पाचा विषय. विटांची लहान प्रिझम (चाचणीसाठीचे भिंतीचे छोटे तुकडे) रचायची, प्रत्येकात एकच दोष ठेवायचा आणि २८ दिवसांनी यंत्राखाली चिरडायची. सगळ्यांत अवघड गेलं ते गवंडीकाकांकडून वाईट काम करून घेणं! त्यांच्या हाताला १० मिलिमीटरच्या आडव्या दरजेची (दोन थरांमधल्या मसाल्याच्या सांध्याची) सवय. १६ची मागितली की मसाला जाड टाकायचे आणि थापीच्या दांड्यानं ठोकून वीट पुन्हा जागेवर आणायचे. शेवटी कडांना पट्ट्या टेकवून दरज जाड ठेवली.

मसाल्यात मधोमध चर काढायला मात्र ते लगेच तयार झाले. चर काढला की वीट पटकन बसते, म्हणून साइटवर हे सर्रास चालतं. बाहेरून दरज भरलेली दिसते, आत पोकळ. कोरड्या विटांची प्रिझमही केली. न भिजवलेली वीट मसाल्यातलं पाणी ओढते, मसाला लवकर घट्ट होतो आणि वरची वीट नीट टेकत नाही.

चाचणीआधी कॅपिंग, म्हणजे प्रिझमच्या माथ्यावर सपाट थर देणं, टाळू नका. वरचा पृष्ठभाग सपाट नसेल तर यंत्राची प्लेट उंचवट्यावर टेकते आणि मोजमाप त्या उंचवट्याचं होतं.

पहिलं प्रिझम फुटलं तेव्हा मसाला भुगा होईल असं वाटत होतं. प्रत्यक्षात विटांनाच उभ्या भेगा गेल्या. मसाला विटेपेक्षा मऊ, दाबला की बाजूंना पसरू पाहतो. वीट त्याला धरून ठेवते आणि स्वतः ताणली जाते, आणि ताणात वीट फार कच्ची. दरज जाड तेवढी ही ओढ जास्त.

सिमेंट वाढवून हे झाकता येईल का, असं सरांनी विचारलं. युरोकोड ६ या वीट-दगडी बांधकामाच्या युरोपीय मानकाच्या सूत्रात मसाल्याच्या ताकदीचा घातांक ०.३ आहे. म्हणजे मसाला दुप्पट मजबूत केला तरी भिंत सुमारे २३ टक्क्यांनीच सुधारते.

उभ्या दरजा रिकाम्या ठेवलेलं प्रिझम दिसायला सगळ्यांत भिकार, पण दाबाखाली त्याचं फारसं बिघडलं नाही. भार आडव्या दरजांतून उतरतो ना! पाऊस आत येईल, आडवा जोर सोसणार नाही, ते वेगळं.

ओळंब्यात नसलेली भिंत बुटक्या प्रिझममध्ये दाखवता येत नाही, म्हणून ती कागदावर सोडवली. २३० मिलिमीटरच्या भिंतीत भार मध्यापासून सुमारे ३८ मिलिमीटर सरकला, तर एका कडेवरचा दाब सरासरीच्या दुप्पट होतो.

तोंडी परीक्षेत प्रश्न आला, साइटवर आधी काय तपासाल? मी सांगितलं, नुकतीच बसवलेली वीट उचलून तिचा तळ बघेन. मसाला सगळीकडे चिकटलेला नसेल, तर तो थर पुन्हा करायला लावेन.