घरातला डेटा नेमकं कोणतं डिव्हाइस संपवतंय?

महिना अर्धा होतो न होतो तोच डेटा संपला की पहिला संशय मुलांच्या मोबाइलवर जातो. हिशेब मांडला की पुष्कळदा बोट दुसरीकडेच वळतं. २ एमबीपीएसने (सेकंदाला २ मेगाबिट; ८ बिट म्हणजे एक बाइट) चोवीस तास क्लाउडवर चित्रण पाठवणारा एक कॅमेरा घ्या. सेकंदाला ०.२५ एमबी, म्हणजे दिवसाला २१.६ जीबी आणि ३० दिवसांत ६४८ जीबी. तेवढाच डेटा १५ एमबीपीएसचा फोर-के व्हिडिओ पाहून संपवायचा तर ९६ तास टीव्हीसमोर बसावं लागेल. कॅमेरा मात्र कोपऱ्यात गप्प बसून हे करतो, म्हणून अंदाज बांधण्याऐवजी मोजायला हवं.

इंटरनेट देणाऱ्या कंपनीच्या ॲपमध्ये फक्त एकूण आकडा दिसतो. राउटर सगळी डिव्हाइसं एकाच पत्त्यामागे ठेवतो, त्यामुळे आतलं वाटप कंपनीला कळत नाही. मोबाइल-लॅपटॉपमधले आकडे तपासायला चांगले, पण अपुरे. विंडोज ३० दिवसांचा वापर दाखवतं, आयफोन वायफायवरचा वापर मुळीच दाखवत नाही, आणि टीव्ही-कॅमेऱ्यात बहुधा तशी सोयच नसते. शिवाय लॅपटॉपवरून घरातल्याच दुसऱ्या डिस्कवर ५० जीबी कॉपी केलं तर विंडोज तेही वापरात धरतं, जरी इंटरनेटचा एक थेंबही खर्च झाला नसला तरी. सगळं बाहेरचं येणंजाणं जिथून होतं तो राउटर, आणि मोजायची जागाही तीच.

तुमच्या राउटरमध्ये ही सोय आहे का ते आधी बघा. आसूसच्या बऱ्याच मॉडेलांत ‘ट्रॅफिक ॲनालायझर’ असतो, तो चालू करावा लागतो. राउटरवर मूळच्या जागी टाकता येणाऱ्या फ्रेशटोमॅटो या सॉफ्टवेअरमध्ये ‘आयपी ट्रॅफिक’ आहे. तशाच प्रकारचं ओपनडब्ल्यूआरटी असेल तर डिव्हाइसवार वापर मोजणारं एनएलबीडब्ल्यूमॉन हे पॅकेज त्याच्या लुसीच्या (ब्राउझरमधल्या सेटिंगच्या) पानासकट टाका. माझ्या मते घरासाठी याहून सुटसुटीत काही नाही. व्हीएनस्टॅट बरेच जण टाकतात, पण तो इंटरफेसचा, म्हणजे राउटरच्या एकेका जोडणीचा हिशेब ठेवतो, डिव्हाइसचा नाही. त्याने फक्त एकूण बेरीज मिळते.

एनएलबीडब्ल्यूमॉन टाकल्यावर लगेच तीन गोष्टी बदला. पहिली, हिशेबाचा दिवस. तुमचं बिलाचं चक्र ज्या तारखेला सुरू होतं तीच तारीख द्या, नाहीतर दोन आकडे कधीच जुळणार नाहीत. दुसरी, डेटाबेसची जागा. मुळात तो रॅममध्ये असतो, वीज गेली की महिन्याची नोंद पुसली जाते. राउटरला पेनड्राइव्ह लावून तिथला फोल्डर द्या. तिसरी, नोंद कायम करण्याचा कालावधी: मुळात २४ तास असतो, पेनड्राइव्हवर तो तासावर आणला तरी चालतं. राउटरच्या आतल्या फ्लॅशवर मात्र दर मिनिटाला लिहायला लावू नका, ती झिजते. राउटरचं घड्याळ बरोबर आहे ना, तेही पाहून घ्या.

आता खरा घोळ कुठे होतो ते. हिशेब मॅक पत्त्यावर, म्हणजे प्रत्येक डिव्हाइसच्या नेटवर्कवरच्या ओळख-क्रमांकावर चालतो, आणि अँड्रॉइड १० व आयओएस १४ पासून फोन वायफायला आपला खरा पत्ता न देता बनावट पत्ता देतात. तो सहसा नेटवर्कगणिक ठरलेला असतो, पण नेटवर्क विसरून पुन्हा जोडलं की किंवा पत्ता फिरता ठेवला असेल तर बदलू शकतो, आणि एकाच फोनच्या दोन-तीन ओळी यादीत दिसू लागतात. ओळखायची खूण सोपी: पत्त्यातलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बनावट. फक्त घरच्या नेटवर्कपुरता ‘खासगी पत्ता’ बंद करा, मग राउटरमध्ये त्या पत्त्याला नाव आणि कायमचा आयपी द्या. वेळखाऊ काम आहे, पण एकदाच करायचं.

पत्त्यावरून ओळख पटेना तर ते डिव्हाइस यादीतून शोधायचा खात्रीचा उपाय म्हणजे एकेक डिव्हाइस बंद करत जायचं आणि कोणत्या ओळीतला आकडा थांबतो ते पाहायचं.

दुसऱ्या खोलीत जुना राउटर लावला असेल तर त्याच्यामागचं सगळं मुख्य राउटरला एकच डिव्हाइस वाटतं. त्याला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो नुसतं वायफाय पुरवेल आणि डिव्हाइसं मुख्य राउटरला वेगवेगळी दिसतील. काही वायफाय एक्स्टेंडरही मागच्या सगळ्या डिव्हाइसांना आपलाच मॅक पत्ता चिकटवतात. आणि कंपनीच्या मोडेमचं वायफाय चालू राहिलं, तर त्यावर जोडलेला टीव्ही तुमच्या राउटरला वळसा घालून जातो. तो मोजला जाणारच नाही.

सगळ्यात फसवं कारण म्हणजे फ्लो ऑफलोडिंग. वेग वाढवण्यासाठी राउटर चालू जोडणीतली डेटाची पाकिटं थेट चिपकडे वळवतो आणि मोजणाऱ्या प्रोग्रामला ती दिसत नाहीत. आकडे बाकी नीट दिसतात, फक्त मोठी डाउनलोडं खूपच कमी भरतात. राउटरच्या सेटिंगमधल्या फायरवॉलच्या पानावर ते बंद करा. कमकुवत राउटरवर त्याने वेग उतरतो, तेव्हा महिनाभर मोजण्यापुरतंच बंद ठेवलं तरी पुरे.

मोजमाप बरोबर आहे का याची कसोटी एकच: सगळ्या ओळींची बेरीज कंपनीच्या आकड्याशी ताडून बघणं. आधी एकक पाहा. कोणी जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतं, कोणी १०७.३७ कोटी, नुसत्या त्यानेच ७.४ टक्के फरक पडतो. ते जमेस धरूनही काही टक्के उरले तर चालेल, राउटरचे स्वतःचे अपडेट वगैरे त्यात येतात. फरक त्याहून बराच मोठा निघाला तर वर सांगितलेलं काहीतरी घडतंय. जुन्या स्क्रिप्ट वापरणाऱ्यांनी आणखी एक तपासावं: त्या फक्त आयपीव्ही४ (इंटरनेट पत्त्यांची जुनी पद्धत) मोजत असतील तर आयपीव्ही६ या नव्या पद्धतीवरून गेलेला सगळा वापर गायब असतो.

तक्ता वाचताना डाउनलोडइतकंच अपलोडकडे लक्ष द्या. अपलोड जास्त म्हणजे कॅमेरा, फोटोंचा बॅकअप किंवा टॉरेंट. बॅकअप असेल तर पहिल्या काही दिवसांनी तो ओसरतो. कॅमेरा रोज तेवढाच राहतो. त्याला हालचाल दिसली तरच पाठवायला लावा, किंवा मेमरी कार्डवर साठवू द्या.