तुम्ही विचारलंत म्हणून : डोळ्यांत थेंब कुठले टाकता?

"बाई, तुम्ही डोळ्यांत कुठले थेंब टाकता? नाव सांगा ना, मीही तेच आणते."

स्टाफरूममध्ये, पालकसभा संपल्यावर, नौपाड्यात भाजी घेताना, ठाणे स्टेशनच्या पुलावर, कुठेही पर्समधून ती बोटाच्या पेराएवढी कुपी काढून मी मान मागे टाकली की शेजारची हे विचारतेच. मी नाव सांगत नाही. एकदोघींना त्याचा राग आला, एक तर बरेच दिवस बोलली नाही. मी लपवाछपवी करते असं तिला वाटलं असणार. म्हणून एकदा सगळं नीट सांगते.

मला त्रास सुरू झाला तो २०१८च्या पावसाळ्यात. डोळ्यांत कुसळ गेल्यासारखं वाटायचं. आरशात बघावं तर काही नाही. दुपारपर्यंत चुरचुर, संध्याकाळी वह्या तपासताना अक्षरं पुसट, दोनचारदा पापण्या मिटल्या की परत स्पष्ट. सकाळी पापण्या चिकटलेल्या. आणि पंख्याखाली बसलं की डोळ्यांतून पाणी. पाणी वाहतंय म्हणजे डोळे कोरडे कसे असतील, म्हणून कित्येक महिने तो शब्द माझ्या डोक्यातही आला नाही.

कारणं सांगणारे मात्र भरपूर भेटले. मोबाइल कमी करा. पन्नाशी जवळ आली, होणारच. घोडबंदर रोडला राहता ना, मेट्रोच्या खांबांची धूळ आहे ती. यातलं एकही खोटं नव्हतं. एरवी आपण मिनिटाला पंधरावीस वेळा पापण्या लवतो, पडद्याकडे टक लावली की त्याच्या निम्म्यानंही लवत नाही. रजोनिवृत्तीच्या आसपास बायकांचे डोळे कोरडे पडतात. धूळही खरीच, मानपाड्याला खिडकी उघडी ठेवली की संध्याकाळी ओट्यावर बोटानं नाव लिहिता यायचं. पण ही सगळी कारणं माझ्या मजल्यावरच्या आणखी सहा बायकांनाही लागू होती, आणि त्यांचे डोळे ठीक होते. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

मी मेडिकलमधून लाली घालवायचे थेंब आणले. तासभर डोळे पांढरेशुभ्र, मग आधीपेक्षा लाल. त्या थेंबांनी रक्तवाहिन्या तेवढ्यापुरत्या आकसतात, डोळ्याला ओल मिळत नाही. ओळखीतल्या एकीनं स्वतःला लागू पडलेली दुसरी बाटली दिली. ती स्टिरॉइडची होती, हे मला पुढे कळलं. तपासणीशिवाय महिनोन्महिने ते थेंब टाकले तर डोळ्यातला दाब वाढतो, मोतीबिंदू लवकर होऊ शकतो. मी आठवड्यात थांबवले, ते माझं नशीब. मग एका डॉक्टरांकडे गेले, त्यांनी दोन मिनिटांत "ड्रायनेस आहे" म्हणून कृत्रिम अश्रूंचे थेंब लिहून दिले. सहा महिन्यांनी दुसऱ्या कंपनीचे, मग तिसऱ्या. मी दिवसातून दहाबारा वेळा टाकत होते आणि चुरचुर वाढत होती. बाटली उघडल्यावर खराब होऊ नये म्हणून त्यात जे टिकाऊ द्रव्य घालतात, बहुतेक वेळा बेन्झाल्कोनियम क्लोराइड, तेच इतक्या वेळा पडलं की डोळ्याच्या पृष्ठभागाला इजा करतं. दिवसाला चारपेक्षा जास्त वेळा थेंब लागत असतील तर हे द्रव्य नसलेले घ्यावेत, हे मला तीन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

याच काळात, २०२० साली, आई गेली. माझी आई. मला रडू फुटत होतं, छाती भरून येत होती, घशातून आवाज निघत होता, आणि डोळे कोरडे. मावशी पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "रड गं, मोकळी हो." मी रडतच होते. तेराव्यापर्यंत मी मनातल्या मनात स्वतःला विचारत राहिले की मी इतकी निबर कधी झाले. हे मी कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही.

पुढच्या वर्षी शाळेतल्या एका मैत्रिणीनं तिच्या डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी पहिली पंधरा मिनिटं डोळ्याला हातच लावला नाही, नुसतं विचारत होत्या. त्रास सकाळी जास्त की संध्याकाळी? कुठल्या गोळ्या चालू आहेत, सर्दीच्या, झोपेच्या, ब्लडप्रेशरच्या? घरात कुणाला थायरॉइड, संधिवात? डोळ्यांचं ऑपरेशन झालंय? मग त्यांनी एका कागदावर डोळा काढून मला अश्रू समजावला, तसाच तुम्हाला सांगते.

अश्रू म्हणजे नुसतं पाणी नाही. बुबुळाला धरून चिकटसर थर, त्यात आणि त्यावर पाणी, आणि सगळ्यांत वर तेलाची पातळ साय, आमटीवर तवंग असतो तशी. पाणी वरच्या पापणीआड, बाहेरच्या कोपऱ्याकडे असलेल्या ग्रंथीतून येतं. तेल येतं पापण्यांच्या कडांमधून, वरच्या पापणीत २५ ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३० बारीक ग्रंथी असतात, मायबोम नावाच्या जर्मन वैद्यानं १६६६ साली त्यांचं वर्णन केलं म्हणून त्यांना त्याचं नाव आहे. तेल कमी पडलं तर पाणी भराभर उडून जातं. पाणीच कमी बनत असेल तर तेल असून उपयोग नाही. आणि दोन्ही प्रकारांत डोळा चिडला की तो घाबऱ्याघाबऱ्या पाणी सोडतो, ते गालावर वाहून जातं, डोळ्यावर ठरत नाही. माझं पंख्याखालचं पाणी ते हे.

"आता तुमचं काय अडलंय ते बघू," त्या म्हणाल्या. डोळ्यात पिवळा रंग सोडला, निळ्या उजेडात बघत पापणी न लवता थांबायला सांगितलं. अश्रूचा थर फुटायला दहा सेकंदांच्या वर वेळ लागायला हवा, माझा चार सेकंदांत फुटला. बुबुळावर बारीक ठिपक्यांसारख्या जखमा रंगल्या होत्या. पापणीची कड दाबून पाहिली, तेल बरं होतं. मग खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवली, पाच मिलिमीटर रुंद, पस्तीस लांब, आणि पाच मिनिटं डोळे मिटून बसायला सांगितलं. शिर्मर नावाच्या डॉक्टरनं १९०३ साली काढलेली ही तपासणी आजही तशीच करतात, यंत्र नाही, वीज नाही. पट्टी दहा मिलिमीटरच्या वर भिजली तर साधारण ठीक. माझी उजवीकडे तीन भिजली, डावीकडे दोन.

पट्टी हातात धरूनच त्यांनी विचारलं, "जेवताना मध्ये मध्ये पाणी लागतं का?"

हा प्रश्न डोळ्यांच्या दवाखान्यात कशाला, असं मला वाटलं. मग आठवत गेलं. भाकरी पाण्याच्या घोटाशिवाय उतरत नव्हती. दिवाळीत भाजणीची चकली मी चहात बुडवून खायचे, मुलं हसायची. रात्री उशाशी तांब्या. तास घेताना जीभ टाळूला चिकटायची म्हणून बाटली कायम टेबलावर, आणि आम्ही शिक्षिका सगळ्याच बाटली बाळगतो, म्हणून कुणालाच काही वाटलं नाही. दोन वर्षांत तीन दाढा हिरडीलगत किडल्या होत्या. दातांच्या डॉक्टरांनी गोड कमी करायला सांगितलं होतं, खरं तर मला गोड फारसं आवडतही नाही. सकाळी बोटं आखडलेली असायची, पीठ मळायला वेळ लागायचा, ते मी हाडांच्या डॉक्टरांना सांगितलं होतं. दाढांची फाइल एकीकडे, बोटांची दुसरीकडे, डोळ्यांची तिसरीकडे. तोंडाला कोरड पडते हे तर कुठल्याच फाइलमध्ये नव्हतं, कारण तो मला आजार वाटलाच नव्हता.

रक्ततपासण्या झाल्या. साखर, थायरॉइड, हिपॅटायटिस सी, संधिवाताचे घटक, आणि एएनए व अँटी-रो नावाच्या दोन अँटीबॉडी. शेवटच्या दोन्ही पॉझिटिव्ह आल्या. त्यांनी मला संधिवाततज्ज्ञांकडे पाठवलं आणि निदान पक्कं झालं : शोग्रेन सिंड्रोम. शरीराचं स्वतःचं संरक्षण करणारी यंत्रणाच अश्रूंच्या आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटते. हेन्रिक शोग्रेन हा स्वीडनमधला डोळ्यांचाच डॉक्टर. १९३३ सालच्या आपल्या प्रबंधात त्यानं १९ बायकांची हकिकत मांडली आणि कोरडे डोळे, कोरडं तोंड, दुखरे सांधे हे एकाच माणसात एकत्र का दिसतात याकडे बोट दाखवलं. हा आजार दहा जणांना झाला तर त्यात साधारण नऊ बायका असतात, आणि बहुतेकींना तो चाळिशी ते साठीत कळतो. म्हणजे नेमका तो काळ, जेव्हा बाईच्या प्रत्येक तक्रारीला "वय झालं" हे उत्तर तयार असतं. याचा मला आजही राग येतो.

संधिवाताच्या डॉक्टरांनी सगळं समजावून झाल्यावर विचारलं, काही शंका? मी म्हटलं, "रडताना डोळ्यांत पाणी येत नाही, ते यामुळेच का?" ते म्हणाले, "हो, ग्रंथीच देत नाहीत." मी त्यांच्यासमोर खूप वेळ रडले, तसंच, कोरड्या डोळ्यांनी.

आता तुम्ही म्हणाल, कारण कळून फरक काय पडला, थेंब तर आजही टाकताच. पडला. शोग्रेनच्या काही थोड्या रुग्णांत पुढे लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग, होऊ शकतो, म्हणून कानापुढची किंवा मानेतली गाठ बरेच दिवस राहिली तर ताबडतोब दाखवायची, हे मला माहीत आहे. दातांची तपासणी दर सहा महिन्यांनी होते. त्या उलटलेल्या यंत्रणेला आवर घालणारी हायड्रॉक्सीक्लोरोक्विनची गोळी चालू आहे, तिचा परिणाम डोळ्याच्या पडद्यावर होऊ शकतो म्हणून तो तपासून ठेवलाय. डोळ्यातला दाह कमी करणारे सायक्लोस्पोरिनचे थेंब सुरुवातीला आग करतात आणि गुण यायला महिने लागतात. कारण ठाऊक होतं म्हणून मी टिकून राहिले, नाहीतर चौथ्या दिवशी बाटली फेकली असती. खालच्या पापणीच्या कोपऱ्यातल्या ज्या छिद्रातून अश्रू नाकात उतरतात, तिथे सिलिकॉनची इवलीशी बुचं बसवली आहेत, म्हणजे जे थोडं पाणी बनतं ते तरी थांबतं. पुढच्या वेळी पट्टी फार जास्त भिजेल असं नाही. पण वह्यांचा गठ्ठा मी आता एका बैठकीत संपवते.

आणि माझं कारण ते तुमचं कारण नसेल, बहुधा नसेलच. मला विचारणाऱ्या आमच्या शेजारणीला शिंकांसाठी रोज ॲलर्जीची गोळी चालू होती, तीच डोळे सुकवत होती. डॉक्टरांनी बदलून दिली. वाशीच्या माझ्या बहिणीचा मुलगा महाप्याला दिवसभर एसीच्या झोतात संगणकापुढे बसतो, त्याच्या पापण्यांचं तेल गोठल्यासारखं झालं होतं. त्याला रोज दहा मिनिटं गरम कापडाचा शेक आणि पापण्यांच्या कडा पुसणं, एवढ्यानं बराच आराम पडला. त्याच्या मित्राला मुरुमांसाठी दिलेल्या आयसोट्रेटिनोइनमुळे तसाच त्रास होता. शाळेतल्या एका सहकारी बाईंचे डोळे सकाळी उठतानाच सर्वांत वाईट असायचे. तिच्या लेकीनं एका रात्री टॉर्चच्या उजेडात पाहिलं तर आई झोपेत असताना पापण्या पुरत्या मिटतच नव्हत्या, आणि वरून पंखा. तिला रात्री लावायचं मलम दिलं. यातल्या कुणालाही माझ्या थेंबांचं नाव सांगितलं असतं, तर ते आणून त्यांनी आणखी एक वर्ष घालवलं असतं, माझ्यासारखंच.

म्हणून मी नाव न सांगता कागद काढायला सांगते. त्रास कुठल्या वेळी जास्त, ते लिहा. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या लिहा, काढे आणि सर्दीच्या गोळ्याही. तोंड, दात, सांधे, त्वचा, थकवा, डोळ्यांशी संबंध नाही असं तुम्हाला जे वाटतं ते तर नक्की लिहा. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी वाचून दाखवा, आणि पट्टीची तपासणी करायची का, असं स्पष्ट विचारा. डोळा जोरात दुखायला लागला, उजेड सहन होईना, किंवा नजर अचानक कमी झाली तर मात्र कागदबिगद नको, त्याच दिवशी जा.

मागच्या आठवड्यात कळव्याच्या एका विद्यार्थ्याची आई भेटली. तोच प्रश्न. मी तिला शाळेच्या बाकावर बसवलं आणि वहीचं पान फाडून दिलं. तिनं लिहिलं आणि मग थांबून म्हणाली, "बाई, मला पण पोळी पाण्याशिवाय जात नाही. ते लिहू?" गुरुवारी तिला वेळ मिळाली आहे. एकटीला भीती वाटते म्हणाली, म्हणून मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे.