डिसेंबरात इलेक्ट्रिक गाडीने म्हापसा ते पुणे आणि परत, माझा अनुभव

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. वाईजवळच्या हायवेवरचा, सुरूर फाट्याजवळचा चार्जर. बाहेरचं तापमान 11 आणि बॅटरी पण 11 टक्के. गन लावली, क्लिक झालं, आणि चार्जरच्या स्क्रीनवर चार्जिंगच्या वेगाचा आकडा आला 17 किलोवॅट. आदल्या संध्याकाळी कोल्हापुरात हीच गाडी आरामात 35-40 ने भरत होती. आई मागच्या सीटवर शाल डोक्यावरून घेऊन बसलेली, तिने विचारलं, "बाबू, कालच्याएवढाच वेळ लागेल ना रे?" मी हो म्हटलं, पण मला स्वतःलाच काही कळत नव्हतं. चार्जर खराब आहे की गाडी?

दोन्ही ठीक होते. बॅटरी रात्रभर थंडीत उभी राहून गारठलेली, एवढंच. पण हे कळायला मला सगळा प्रवास करावा लागला, म्हणून सविस्तर लिहितोय, कारण गोव्यात गाडी घेतलेल्या आपल्यासारख्यांना हे सांगणारं कोणी नसतं.

आपल्याकडे रेंजचा प्रश्नच येत नाही हो. गोवा वरपासून खालपर्यंत साधारण 105 किलोमीटर, पेडण्याहून काणकोणला जाऊन परत आलं तरी बॅटरी उरते. घरी पडवीत 15 अँपिअरचा सॉकेट आहे, रात्री लावली की सकाळी भरलेली. थंडी म्हणाल तर डिसेंबरात पहाटे 20-21 अंश, दुपारी पंखा लागतोच. माझी गाडी 40 युनिट बॅटरीची, एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची, इथे एका चार्जवर 300 किलोमीटर सहज मिळतात. कागदावरचा आकडा त्याहून बराच मोठा आहे, पण तो लॅबमधल्या टेस्टचा, तिथे ना घाट ना हीटर, त्यामुळे त्यावर मी कधी विसंबलो नव्हतो. माझ्या 300 वर मात्र विसंबलो, आणि तिथेच चुकलो.

मामाची पंचाहत्तरी होती पुण्यात. आई, बायको आणि मी, डिकीत वीस नारळ, कोकमं, आणि म्हापशाच्या बाजारातून आईने घेतलेली चुरमुऱ्याची मोठी पिशवी. वाटेत वाईला मावशीकडे मुक्काम. म्हापशाहून दुपारी दीडला 100 टक्क्यांवर निघालो, स्क्रीन 318 किलोमीटर दाखवत होती, कोल्हापूर साधारण 195, म्हणजे निवांत.

पत्रादेवी, बांदा, सावंतवाडीपर्यंत सगळं हिशोबात, 50 किलोमीटरला 18 टक्के गेले. मग आंबोली. सावंतवाडी ते आंबोली फक्त 30 किलोमीटर आणि त्यात 19 टक्के गेले! बायको म्हणाली, "अहो, हे असंच उतरत राहिलं तर?" घाट म्हणजे दीड टनाच्या वरची गाडी, माणसं आणि नारळ धरून, जवळपास पावणेसातशे मीटर उचलून वर ठेवायची, त्याला तीन-साडेतीन युनिट लागतातच, चालवणारा कितीही चांगला असू दे. त्यात स्क्रीन पुढचा अंदाज मागच्या काही किलोमीटरवरून काढते, म्हणून घाट चढताना तो आकडा धडाधड पडतो. घाबरायचं नाही, वर पोचल्यावर आजरा, उत्तूर, निपाणीपर्यंतचा रस्ता बॅटरीला सोपा आहे. कोल्हापूरला 22 टक्क्यांवर पोचलो. चाळीस मिनिटांत 80 टक्के, तेवढ्यात मिसळ खाऊन झाली.

खरी गोष्ट इथून पुढे. अंधार पडला, हवा गार झाली, आईने काच लावून हीटर चालू करायला सांगितला, तिच्या गुडघ्यांना थंडी सोसत नाही. रस्ता मोकळा होता, मी 100 ने चालवत होतो. कऱ्हाडपर्यंत 75 किलोमीटर, आणि गेले किती? 35 टक्के! 80 चे 45 झाले. कऱ्हाडला थोडं टॉप अप करायचं ठरवलं होतं, पण तिथल्या चार्जरचा दिवा चालू, अ‍ॅपमध्ये उपलब्ध दिसतोय, आणि गन लावली की दोन मिनिटं फिरून एरर. तीनदा केलं. हेल्पलाइनवरच्या मुलाने लांबून रीस्टार्ट केला तरी नाही. रात्रीचे साडेआठ, सोबत सत्तरीतली आई, पुढे 80 किलोमीटर. त्या वेळी पोटात जो गोळा आला तो मी विसरणार नाही.

दुसरा चार्जर शोधत गावात फिरण्यापेक्षा निघायचं ठरवलं. 75 ते 80 च्या मध्ये ठेवली, डाव्या लेनने, हीटर बंद. आईला शाल, वर बायकोचा स्वेटर, पायांवर माझी चादर. ती म्हणाली, "हात गार पडलेत पण चालेल, तू नीट चालव." मला वाईट वाटलं, खरं सांगतो. 80 किलोमीटर, वाईपर्यंत चढही थोडा आहे, तरी गेले फक्त 29 टक्के. 16 वर पोचलो.

आता हे दोन आकडे बाजूबाजूला ठेवून बघा. एकच गाडी, एकच रात्र, एकच रस्ता. 75 किलोमीटरला 35 आणि 80 किलोमीटरला 29. 80 वरून 100 वर गेलं की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि थंड हवा जड असते त्यामुळे त्यात आणखी थोडी भर. वर हीटर. पेट्रोल गाडीत हीटर फुकट असतो, इंजिन इंधनातली बरीचशी ऊर्जा उष्णता म्हणून वायाच घालवतं, तीच आत सोडायची. इलेक्ट्रिक मोटर जवळपास काही वाया घालवत नाही, म्हणून ऊब बॅटरीतूनच काढावी लागते, माझ्या गाडीत साधारण दीड युनिट तासाला. वेग आणि हीटर, हे दोन्ही आपल्या हातात असतात. बाकी थंडी म्हणाल तर नॉर्वेसारख्या देशात शून्याखाली लोक या गाड्या चालवतात, तिथली ऑटोमोबाईल संघटना दर हिवाळ्यात गाड्या बॅटरी संपेपर्यंत चालवून खरी रेंज मोजते, आपली 11 अंशांची थंडी त्यांच्यासमोर काहीच नाही. पण आपण तयारी न करता जातो.

वाईला पोचलो तेव्हा दहा वाजून गेलेले, सगळे दमलेले. मावसभावाच्या बिल्डिंगमध्ये पार्किंगजवळ सॉकेट नाही. म्हटलं सकाळी बघू. माझी सगळ्यात मोठी चूक हीच. रात्री पोचल्या पोचल्या बॅटरी तीन तास चालून गरम होती, तेव्हाच हायवेवर भरून मग गावात आलो असतो तर चाळीस मिनिटांत काम झालं असतं. रात्रभर ती गार झाली. गार बॅटरीत आतली रासायनिक हालचाल मंदावते, जोरात वीज ढकलली तर सेलला इजा होते, म्हणून गाडीच चार्जरला सांगते की हळू दे. एलएफपीला हे जास्त जाणवतं. सकाळी 16 चे 15 झालेले, फाट्यापर्यंत 11, आणि मग ते 17 किलोवॅट. हळूहळू बॅटरी तापली तसा आकडा 20, 22 असा चढला. 50 टक्के करायला पन्नास मिनिटं लागली, तेवढा वेळ आई समोरच्या टपरीत चुलीजवळ बसून होती, टपरीवाल्या काकूंनी तिला आलं घालून दोनदा चहा दिला आणि दुसऱ्याचे पैसे घेतले नाहीत.

टायरचंही तिथेच लक्षात आलं. म्हापशात भर दुपारी 35 ची हवा भरून घेतली होती, सुरूरला मशीनवर बघितलं तर 31. साधारण पाच-साडेपाच अंश तापमान उतरलं की एक पॉइंट हवा उतरते, म्हणजे पंक्चर वगैरे काही नव्हतं, पण मऊ टायरवर गाडी जड चालते. परत 35 केली. पुण्याला वेळेत पोचलो, मामाचं औक्षण चुकलं नाही.

परतीच्या वेळी मी वेगळाच माणूस होतो म्हणा. मामाच्या सोसायटीत रात्रभर साध्या सॉकेटवर लावली, पण चार्जिंग असं सुरू केलं की निघायच्या थोडं आधी 100 होईल, म्हणजे बॅटरी अगदी गार नाही. निघायच्या वीस मिनिटं आधी प्लग लावलेला असतानाच हीटर चालू करून गाडी आतून गरम केली, ती वीज भिंतीतून गेली, बॅटरीतून नाही. आईसाठी गरम पाण्याची पिशवी आणि जाड मोजे. हीटर पूर्ण बंद नाही ठेवला, अधूनमधून पाच मिनिटं लावायचो. वेग 85. कऱ्हाडला जेवताना 42 वरून 90. हे करताना आधी अ‍ॅपवर त्याच दिवशी तिथे कोणी यशस्वी चार्ज केलंय का ते बघितलं, "उपलब्ध" या शब्दावर आता माझा विश्वास नाही.

कोल्हापुरात थांबलोच नाही. 23 डिसेंबर होता, सगळं पुणं गोव्याकडे निघालेलं, चार्जरवर गाड्यांची रांग. निपाणीच्या जवळ चहाला वीस टक्के घेतले तेवढे पुरले. आंबोलीत वर 38 होते, दाणोलीत खाली उतरलो तेव्हा 40! उतारावर ब्रेकला पाय जवळजवळ लागलाच नाही, मोटरच गाडी अडवत होती आणि वीज परत भरत होती. आईला दाखवलं तर म्हणाली, "चढताना खाल्लेलं परत केलं की काय?" सगळं नाही, पण थोडं केलं खरं.

बांद्याच्या पुढे आईने शाल काढली. घरी 22 टक्क्यांवर पोचलो.

परवा वाईच्या मावसभावाचा फोटो आला. सोसायटीची परवानगी काढून त्याने पार्किंगच्या खांबावर 15 अँपिअरचा सॉकेट बसवून घेतलाय, वर पत्र्याचं छोटं झाकण, स्वतःचा सबमीटर. खाली लिहिलंय, "फेब्रुवारीत मावशीला घेऊन ये."